कॅमेऱ्यावरचं लाल बटण

१

पोतनीसांच्या स्टुडिओत मी पाऊल टाकलं तेव्हा आल्हाद आपल्या जुन्या सहकाऱ्याची कायमची वाट लावणारी मेल टाइप करत बसला होता.

"जयूआत्या, आपण यात पडूच नका," मान वर न करता तो म्हणाला. "कोणी केलंय ते मला पता आहे. नाव पण टाकून झालंय. दिवेलागणीला पाठवून देतो, किस्सा खतम."

बसा नाही, पाणी हवं का नाही. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "पडायची मला हौस नाही. तुझ्या वडलांनी बोलावलं म्हणून आले. जाऊ का परत?"

त्याचे वडील भय्यासाहेब पोतनीस माझे मावसभाऊ. ते खुर्चीत बसून पंचाच्या टोकाशी चाळा करत होते. मी, जयू सरमंडल, विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता निवृत्त झाले. नातेवाईक एरवी मला टाळतात आणि घरात काही विपरीत घडलं की त्यांना माझा नंबर आठवतो. "पोलिसात गेलो तर टावर चौकभर बोभाटा होईल," भय्यासाहेब म्हणाले. "तू बघ ना जरा."

प्रकरण असं होतं. एका जपानी कंपनीचा नवा व्यावसायिक मिररलेस कॅमेरा अजून बाजारात यायचा होता. मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला, इतकं मलाही माहीत होतं. त्याचे मोजके नमुने कंपनीनं निरनिराळ्या देशांतल्या फोटोग्राफरांना गुपचूप वापरायला दिले होते आणि त्यातला एक उज्जैनला आल्हादकडे होता. कोणाला दाखवायचा नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, अशी सही त्यानं करून दिली होती. आल्हाद तो काळ्या टेपमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायचा. बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

आणि गेल्या आठवड्यात, कॅमेऱ्यांच्या अफवांवर चालणाऱ्या एका परदेशी वेबसाइटवर त्या कॅमेऱ्याचं चित्र झळकलं. खाली त्यात काय काय असेल याचे अंदाज. कंपनीनं प्रत्येक नमुन्यात हुशारीनं एखादा बारीक फरक ठेवला होता. आल्हादच्या कॅमेऱ्याची पट्टा अडकवायची कडी तिकोनी होती, आणि चित्रातली कडीही तिकोनीच. कंपनीनं कळवलं: गळती तुमच्याकडून झाली आहे, कोणी केली त्याचं नाव आज संध्याकाळपर्यंत द्या. नाही दिलंत तर तुम्हीच केली असं समजू. येत्या सिंहस्थात कंपनीसाठी फोटो काढण्याचं काम आल्हादला मिळणार होतं, ते गेलंच. पुढे कुठली कंपनी त्याला दारात उभी करणार नव्हती.

"म्हणून रुचिरचं नाव?" मी विचारलं.

"मग कोणाचं? सात साल सोबत होता. लाइट कसा धरायचा तेही येत नव्हतं, मी शिकवलं. त्यालाच काय ते माहीत होतं. कालच हाकलला."

रुचिर दिघेचं नाव एकदा त्या मेलमधून गेलं की इंदूरपर्यंत कोणी त्याला लग्नाच्या मांडवातही उभं करणार नाही, हे आल्हादला चांगलं कळत होतं. तेवढ्यासाठीच तो ते पाठवत होता असं मला वाटलं.

"दाखव चित्र," मी म्हटलं. त्यानं मोबाइल माझ्यापुढे आपटल्यासारखा ठेवला. काळा, रुबाबदार कॅमेरा, आणि पुढे लेन्सच्या गोलाशेजारी एक तकतकीत लाल बटण, भोवती चांदीची रिंग.

"सगळं बरोबर आहे यात?"

"सगळं. फक्त हे सोडून," त्यानं लाल बटणावर बोट ठेवलं. "असं बटण कॅमेऱ्यावर नाहीच."

२

देवास गेटला बस स्टँडसमोर निखिल तारेचं मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान आहे. दुकान कमी आणि स्टुडिओ जास्त, कारण तो येऊ घातलेल्या कॅमेऱ्यांबद्दल अंदाज सांगणारे व्हिडिओ काढतो आणि लोक ते बघतातही. आल्हादचं नाव काढताच त्याचं तोंड वाकडं झालं.

"पोतनीस? वो तर आम्हाला ओळखत पण नाही मॅडम. त्याच्या हिशोबानं उज्जैनमध्ये फोटोग्राफर एकच, बाकी सगळे पासपोर्टवाले."

"चित्र तू पाठवलंस का?"

"मी पाठवलं असतं तर माझ्याच चॅनेलवर नसतं टाकलं? दुसऱ्याच्या वेबसाइटला कशाला देऊ? मी काय पागल आहे?"

हे पटण्यासारखं होतं. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, मग त्या अंदाजांचं मला नीट समजावून सांग. विषय निघताच गडी खुलला. पंचेचाळीस मेगापिक्सेल की साठ? दोन कार्डांच्या खाचा एकाच जातीच्या असतील का? बॅटरी जुनीच बसेल का? मोठा व्हिडिओ काढताना कॅमेरा तापून बंद पडेल का? यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं आणि सगळे एकमेकांना मूर्ख ठरवत होते.

"आणि लाल बटण?"

"अरे, त्याच्यावर तर महाभारत चालू आहे! एक पार्टी म्हणते रेकॉर्डिंगचं बटण. दुसरी म्हणते फिंगरप्रिंट, चोरीला गेला तर कॅमेरा लॉक. जर्मनीचा एक जण म्हणतो सेन्सर गरम झाला की पेटणारा दिवा आहे. मी स्वतः त्याच्यावर व्हिडिओ टाकलाय. लोकांनी मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं वेबसाइटवाल्याकडे पूरा माल नाहीच. बघा ना, पुढून आणि वरून जे दिसतं तेवढंच सांगितलंय. मागचं एक अक्षर नाही. स्क्रीन वळतो का, मेनू कसा, एका सेकंदात किती फोटो, सगळं 'बहुधा, बहुधा'. त्यांनीच लिहिलंय की आम्हाला फक्त एक फोटो मिळाला. पाठवणारा पकडला जाऊ नये म्हणून फोटो न छापता त्यावरून चित्र काढलं."

मी उठले. तो मागून म्हणाला, "अजून एक गोष्ट, मॅडम. फोटो मोबाइलचा नव्हता असंही लिहिलंय. चांगल्या कॅमेऱ्यानं, हात बसलेल्या माणसानं काढलेला. मागचं सगळं मस्त धूसर केलेलं."

म्हणजे पुन्हा गाडी रुचिरच्याच दारात येऊन उभी राहिली.

३

रुचिर टावर चौकातल्या चहाच्या ठेल्यावर खांद्याला बॅग लावून बसला होता. मला बघून उठलाही नाही.

"निरोप घेऊन आलात का? सांगा त्याला, मी पाय धरायला येणार नाही."

"तू केलंस का ते सांग."

"आत्या, तो कॅमेरा मी दोन शूटला स्वतः चालवलाय. सेकंदाला किती फोटो घेतो, मेनूत काय आहे, किती वेळात गरम होतो, सगळं मला माहीत. विकायचंच असतं तर हे सगळं नसतं दिलं? एक फोटो कशाला पाठवू? या माणसामागे मी ओझी वाहिली. त्यानं एकदा विचारलं पण नाही. सरळ गावभर चोर करून टाकलं."

त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्याकडे भरलेलं ताट आहे तो नुसती कोशिंबीर कशाला पाठवेल? ज्यानं फोटो पाठवला त्यानं तो कॅमेरा बाहेरूनच पाहिला होता. पण पाहिला केव्हा? तो तर कायम टेपमध्ये आणि कुलपात.

"टेपशिवाय तो कॅमेरा बाहेर कधी होता?" मी विचारलं.

रुचिरनं आठवून सांगितलं. "एकदाच. खंडेनवमीला. आल्हादनं टेपसकटच पूजेत ठेवला होता. भय्यासाहेब भडकले. म्हणाले, झाकलेल्या हत्याराला मी कुंकू लावणार नाही, ज्याच्यावर पोट भरतं त्याचं तोंड दिसलं पाहिजे. बापापुढे काही चाललं नाही, काढली टेप. पण त्याआधी त्यानं घरातल्या सगळ्यांचे मोबाइल घेऊन कपाटात बंद केले. माझा पण. सगळ्यांसमोर इतकी शरम वाटली ना."

"तुझा कॅमेरा होता पूजेत?"

"होता ना. दरवर्षी नेतो. ही घ्या, अजून खूण आहे." त्यानं बॅगेतून कॅमेरा काढला. "कुंकू आम्ही पुसत नाही, आपोआप जाऊ देतो. त्यांच्याच घरची रीत, मला पण लागली."

लेन्सच्या गोलाशेजारी, हाताच्या पकडीपासून दूरच्या बाजूला, कालवलेल्या कुंकवाचा टिळा वाळून बसला होता. भय्यासाहेबांचं बोट जाड, त्यामुळे टिळा नाण्यासारखा गोल आणि किंचित फुगीर. मी मोबाइलवर ते चित्र काढून त्याच्याशेजारी धरलं. जागा तीच आणि आकारही तोच.

मला हसूच आलं. जर्मनीपासून देवास गेटपर्यंत माणसं ज्या बटणावरून एकमेकांचे गळे धरत होती, ते भय्यासाहेबांनी लावलेलं कुंकू होतं. वेबसाइटच्या चित्रकारानं बिचाऱ्यानं त्याला चांदीची रिंगही घातली होती.

रुचिरच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहीत नाही.

"आल्हादच्या कॅमेऱ्यावर कुंकू किती वेळ होतं?" मी विचारलं.

"आरती संपताच त्यानं पुसलं. बापाला बोलला पण, की आत पावडर गेली तर कोण जबाबदार."

म्हणजे फोटो निघाला तो टिळा लागल्यानंतर आणि आरती संपायच्या आत. "त्या वेळात पूजेपाशी एकटं कोण होतं?"

"एकटं? मध्ये आम्ही तिघं गाडीची पूजा करायला गल्लीत गेलो होतो. मी, आल्हाद आणि भय्यासाहेब. नारळ मीच फोडला. आत..." तो थांबला. "आत तर फक्त घरातल्या बायका होत्या."

४

आल्हादची बायको तेजस्विनी स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे निवडत होती. तिचे वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून इकडे आले, त्यामुळे तिच्या बोलण्यात या घरासारखं हिंदी येत नाही. मी बसायच्या आतच ती म्हणाली, "माझी पण चौकशी का? होऊ दे. या घरात मला कोणी काही विचारतंय, हेच नवीन आहे."

"गाडीच्या पूजेच्या वेळी तू कुठे होतीस?"

"इथेच. भय्यासाहेबांना कुंकू कालवून वाटी दिली आणि आत आले. पुरण होतं गॅसवर. पुरण सोडून हलता येतं का?"

"कॅमेरा बघितला होतास?"

"सगळ्यांनी बघितला. लांबून. लहान मुलाला जत्रेत खेळणं दाखवतात तसा दाखवला आम्हाला."

"तूही पूर्वी फोटो काढायचीस."

पोह्यांत फिरणारी तिची बोटं थांबली नाहीत. "पूर्वी. माझा कॅमेरा वर्षातून एकदा पूजेत मांडतात, शोभेला. त्याची बॅटरी केव्हाच मेलीय. झालं तुमचं?"

झालं नव्हतं, पण ती पुढे बोलणार नाही हे दिसत होतं. मी निहारिकाला गाठलं. ही आल्हादची धाकटी बहीण, इंदूरला जाहिरात कंपनीत नोकरीला. दसऱ्यासाठी आली ती या गोंधळात इथेच अडकली होती. गच्चीवर फेऱ्या मारत होती.

"आता माझा नंबर ना?" ती माझ्यावर जवळजवळ धावूनच आली. "माझी कंपनी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या जाहिराती करते, म्हणून मी विकलं! दादानं बाबांना हेच सांगितलं. रुचिर नसता ना, तर माझंच नाव त्या मेलमध्ये असतं. सख्खी बहीण आहे मी त्याची!"

"तू आत एकटी होतीस का?"

"मी दारात उभी राहून गाडीची पूजा बघत होते. मध्येच बाबांनी काडेपेटी आणायला पाठवलं, तेवढीच आत आले. आणि आले ते बरंच झालं. पुरण खाली लागून राहिलं होतं, वास सुटला होता. मीच डाव घेऊन हलवलं."

"तेजस्विनी कुठे होती?"

"वहिनी नव्हती तिथे. मग आली, माझ्या हातून डाव घेतला आणि म्हणाली, जा तू, काडेपेटी घेऊन जा."

पुरण सोडून हलता येत नाही असं मला सांगणारी बाई पुरण जळत असताना स्वयंपाकघरात नव्हती.

५

खाली स्टुडिओत पूजेतले बाकीचे कॅमेरे आता काचेच्या कपाटात ठेवले होते. आल्हाद बाहेर फोनवर कोणावर तरी ओरडत होता. मी कपाट उघडलं.

आल्हादचा जुना कॅमेरा काढला. लेन्सशेजारी टिळा, बाकी अंग स्वच्छ. तो ठेवला आणि तेजस्विनीचा काढला. त्यावरही टिळा जागच्या जागी. पण फोटो काढायला ज्यावर बोट दाबतात त्या बटणाभोवतीच्या खाचेत लाल रंग बसला होता. भय्यासाहेब तिथे टिळा लावत नाहीत. नुकतंच कुंकू कालवलेल्या बोटानं ते बटण दाबलं असलं तरच तिथे रंग जाईल.

मी कॅमेऱ्याची कळ फिरवली. मेलेल्या बॅटरीचा कॅमेरा लगेच जागा झाला आणि मागचा पडदा उजळला. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली. हे रागाच्या भरात, हाताला सापडला म्हणून उचललेल्या कॅमेऱ्याचं काम नव्हतं. कोणीतरी आधी चार्ज करून, खंडेनवमीची वाट बघत थांबलं होतं. भय्यासाहेब टेप काढायला लावतील आणि मोबाइल कुलपात जातील हे तिला माहीत होतं. आणि एकदा पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी कोणी वापरत नाही, म्हणून चौरंगावरच्या कॅमेऱ्यांवर पहारा ठेवायचं आल्हादच्या डोक्यातही येणार नाही, हेही माहीत होतं.

पण का? स्वतःच्या संसारावर कोण असा धोंडा घालून घेतं? मी तिथेच उभी होते आणि समोरच्या भिंतीवर फोटो होते. हेच ते गावाबाहेरच्या भैरवगढचे फोटो, ज्यांच्यावरून आल्हादला जपानी कंपनीनं निवडलं होतं. मी आजवर ते येता-जाता बघितले होते, नीट कधी बघितले नव्हते. कापडावर मेणाची नक्षी टाकणाऱ्या बायका. एका घराच्या आतल्या अंगणात डोक्यावरची ओढणी सोडून, केस मोकळे करून बसलेल्या. एक म्हातारी समोरच्या माणसाकडे बघून तोंडाला हात न लावता खळखळून हसत होती.

आल्हाद आत आला. "काय चाललंय? कपाट कोणी उघडलं?"

"ही म्हातारी कोण रे?" मी फोटो दाखवला. "नाव काय तिचं?"

"मला काय पता, आत्या. छिपा मोहल्ल्यातली, कापड छापणाऱ्यांतली असेल कोणी. नाव विचारत बसलो तर फोटो कधी काढू?"

परक्या पुरुषाला त्या अंगणात कोणी उभं करणार नाही. आणि ज्याचं नाव विचारायची गरज वाटत नाही, त्याच्याकडे बघून माणूस असं हसत नाही. माझ्या डोक्यात प्रकरण लख्ख झालं आणि त्याचबरोबर मनस्वी वाईट वाटलं.

"सगळ्यांना बोलाव," मी म्हटलं. "रुचिरलाही."

"तो माझ्या घरात पाय ठेवणार नाही."

"मग मी जपान्यांना स्वतः मेल करते. पत्ता तुझ्या पडद्यावर दिसतोच आहे."

त्यानं दात खाल्ले आणि रुचिरला फोन लावला.

६

स्टुडिओत माणसं पाच-सहाच, पण एकानंही दुसऱ्याकडे सरळ बघितलं नाही. रुचिर दाराला टेकून उभा राहिला. निहारिका आणि तिचा भाऊ दोन टोकांना. भय्यासाहेब खुर्चीत. तेजस्विनी हात पुसत आली आणि कपाटाशी उभी राहिली. पाणी कोणी कोणाला विचारलं नाही.

मी सगळं क्रमानं सांगितलं. लाल बटण म्हणजे कुंकू, हे ऐकताच भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. कुंकवामुळे दिवस कळला, एवढंच." मी पुढे गेले. फोटो खंडेनवमीचा, आरतीच्या आधीचा. मोबाइल कुलपात, म्हणजे फोटो पूजेतल्याच एखाद्या कॅमेऱ्यानं काढलेला. रुचिर आणि आल्हाद त्या वेळी गल्लीत, भय्यासाहेबांच्या डोळ्यांसमोर. रुचिरला कॅमेऱ्याचं सगळं पोट माहीत, त्यानं नुसती कातडी विकली नसती. निहारिका आत आली ती पुरण हलवत राहिली. मग मी कपाटातला तो कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, बटणाभोवतीचा लाल रंग दाखवला आणि कळ फिरवली. पडदा उजळला.

"हा कॅमेरा बंद पडलाय असं मला सांगितलं होतंस, तेजस्विनी."

तिनं नाकारलं नाही. "मीच काढला. दोन दिवस आधी बॅटरी चार्ज केली. साड्यांच्या कपाटात."

आल्हादचा चेहरा लालबुंद झाला. "तू? घरातली असून? मला बर्बाद करायला निघालीस?"

"तू माझे फोटो तुझ्या नावानं पाठवलेस तेव्हाही मी घरातलीच होते." ती भिंतीकडे वळली. "ती म्हातारी रुखसानाबी. मी तिच्याकडे दोन हिवाळे जात होते. तिच्या सुनेच्या बाळंतपणात दवाखान्यात बसले होते. ते फोटो तू मला न विचारता पाठवलेस. निवड झाल्यावर मी बोलले, तर म्हणालास, घरात एकच नाव मोठं झालं तरी पुरतं. आणि मग ज्या कॅमेऱ्यासाठी माझे फोटो गेले, त्याला हात लावायची मला मनाई."

भय्यासाहेब मुलाकडे बघत होते. "आल्हाद, हे खरं आहे?"

निहारिकानं एकदाच "दादा" म्हटलं आणि तोंड फिरवलं.

मला तेजस्विनीचीही बाजू पूर्ण घेता येईना. "रुचिरचं नाव चाललं होतं," मी म्हटलं. "तो रस्त्यावर येत होता आणि तू पोहे निवडत बसलीस."

"मला वाटलं, कंपनी याला काढेल आणि संपेल. हा दुसऱ्याचा बळी देईल हे मला कळायला हवं होतं. काल हाकलला तेव्हाच बोलायला हवं होतं. भीती वाटली." ती रुचिरकडे वळली. "माझं चुकलं. तुझ्यापुरतं चुकलंच."

रुचिरनं नजर वळवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि त्यानं म्हणायलाही नको होतं.

बाहेर गल्लीतले दिवे लागले. आल्हाद लॅपटॉपपाशी जाऊन बसला. आता तो रुचिरचं नाव पुसेल असं मला वाटलं. पण तो अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "बघा, शांतपणे विचार करा. हिचं नाव दिलं तर ते विचारतील, बायकोनं असं का केलं. मग फोटोंचं पण निघेल. पूरं घर बदनाम होईल. रुचिरचं काय, तो छोटा माणूस आहे. त्याला मी दुसरीकडे कुठे लावून देईन. तेच नाव राहू दे."

मी आयुष्यात बरेच लबाड पाहिले, पण निर्दोष ठरलेला माणूस समोर उभा असताना त्याचाच सौदा करणारा पहिलाच. रुचिर पुढे झाला आणि आता हातापायी होणार म्हणून मीही उठले.

त्याआधी तेजस्विनी टेबलाशी पोचली. तिनं लॅपटॉप आल्हादच्या हाताखालून ओढून घेतला. त्यानं तिचं मनगट धरलं. "सोड," भय्यासाहेब खुर्चीतून गरजले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आल्हादनं हात सोडला.

तिनं उभ्या उभ्याच रुचिर दिघे हे नाव पुसलं आणि तिथे तेजस्विनी पोतनीस असं लिहिलं. खाली दोन ओळी टाकल्या. मग आपल्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपच्या खाचेत घातलं आणि भैरवगढचे मूळ फोटो, जे फक्त काढणाऱ्याकडेच असतात, ते एकेक करून मेलला जोडू लागली. रुखसानाबीचा सगळ्यात शेवटी जोडला.

"काय लिहिलंस?" आल्हादनं विचारलं. त्याच्या आवाजात आता नुसती भीती होती.

"फोटो मी काढला असं लिहिलंय," ती म्हणाली. "लाल बटणवालाही, आणि हेसुद्धा."

आणि तिनं मेल पाठवून दिली.